बैलाच्या पायाखालची लांडगी

डोंगरातल्या बोवियानम शहराचा तट सकाळीच रोमनांपुढे पडला आणि दुपार व्हायच्या आत टांकसाळीतली सगळी माणसं अंगणात गुडघ्यांवर बसवली गेली. भट्टीवाले, चांदी ओतणारे, घण मारणारा पाक्वियस, आणि रांगेच्या टोकाला नाण्यांचे ठसे कोरणारा म्हातारा स्टेनिस. त्यांच्या बायका समोरच्या भिंतीशी दाटीने उभ्या होत्या. स्टेनिसची बायको त्रेबिया त्यांच्यातच होती. दोन्ही हात तिने शालीत घट्ट गुंडाळून घेतले होते. थंडी मुळीच नव्हती. पण तिच्या नखांत काशाचा काळा कीस अडकलेला होता, आणि तो कुणाच्या नजरेला पडू नये, एवढंच तिला त्या घटकेला सुचत होतं.

रोमन सैन्याचा खजिनदार फुन्दानियस तळहातावर एक चांदीचं नाणं घेऊन अंगणात आला. मध्यम वयाचा, ठेंगणा, ऊन लागून नाक सोललेला माणूस. आवाज चढवायची त्याला सवय नसावी.

"हे नाणं तुमच्या मेलेल्या शिपायांच्या कमरेला सापडतं," तो म्हणाला. "आमची पोरं ते बघतात आणि मग कैदी म्हणून कुणाला जिवंत ठेवत नाहीत. एका बाजूला तुमची इटली देवी, डोक्यावर पानांचा मुकुट घालून. ते असू दे. दुसऱ्या बाजूला बैल. आणि बैलाच्या पायाखाली लांडगी."

कुणी मान वर केली नाही. रोमची लांडगी आणि रोमविरुद्ध उठलेल्या इटलीचा बैल. या डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही ते सांगावं लागत नव्हतं.

"पायाखाली तुडवलेली लांडगी आम्ही याआधीही पाहिली. पण या बैलाचं शिंग तिच्या पोटात गेलंय. तिचा जबडा उघडा आहे, जीभ बाहेर आहे. ज्याने हे कोरलं, त्याचे दोन्ही हात सेनापतींना हवेत. मनगटापासून तोडून, सगळ्या फौजेसमोर. दिवस मावळायच्या आत ते हात मिळाले नाहीत, तर या अंगणातून कुणी उठून घरी जाणार नाही."

भिंतीशी एक बाई हुंदका देऊन थांबली. त्रेबियाने शालीतल्या शालीत एक हात दुसऱ्याने गच्च धरला. पुढे व्हावं म्हणून तिने पाऊल उचललंही होतं. तेवढ्यात रांगेच्या टोकाकडून आवाज आला.

"मी कोरलं, धनी."

स्टेनिस उठून उभा राहिला होता. तोंड फुन्दानियसकडे होतं, पण किंचित बाजूला. आवाजाच्या अंदाजाने त्याने तोंड फिरवलं होतं आणि अंदाज जरासा चुकला होता. हे त्रेबियाला कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं की काय, म्हणून तिने शिपायांचे चेहरे पाहिले.

गेल्या हिवाळ्यापासून स्टेनिसच्या डोळ्यांवर दुधासारखी साय धरली होती. आधी बारीक अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. आता त्याला उजेड आणि सावली यांच्यापलीकडे फारसं काही दिसत नव्हतं. त्रेबिया अंगठीचे खडे कोरणाऱ्याची मुलगी. लहानपणी बापाशेजारी बसून तिने कोरणी चालवली होती. तिने एक दिवस नवऱ्याच्या हातातून कोरणी काढून घेतली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून टांकसाळीचे ठसे तीच कोरत होती. बाहेर नाव स्टेनिसचंच चालत होतं. तिच्या समजुतीने हे एकट्या नुमेरियसला, टांकसाळीच्या मुख्याला, माहीत होतं, आणि नुमेरियस आज सकाळी वेशीपाशी पडला होता.

फुन्दानियस जवळ आला आणि त्याने म्हाताऱ्याकडे निरखून पाहिलं.

"स्टेनिस? रोममधल्या टांकसाळीतला? अरे, मी तिथे नाण्यांवरचा अधिकारी होतो त्या वर्षीची नाणी तूच कोरलीस की. रथ आणि घोडे."

"तुमचा आवाज ओळखीचा वाटलाच होता, धनी."

"त्या घोड्यांना एक पाय जास्त होता. माझा सासरा अजून मला चिडवतो."

"चार घोडे, एक रथ, आणि जागा नखाएवढी. पायांची थोडी गर्दी झाली असेल."

फुन्दानियस हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. तो नाणं बोटांत फिरवत राहिला. "तुझे घोडे देखणे होते. पण ते धावत नव्हते, धावायच्या बेतात उभे होते. हा बैल उभा नाही. हा हात तुझा नाही, स्टेनिस. तू कुणाला तरी पाठीशी घालतोयस."

"माणूस रागावला की हात बदलतो."

"बदलत असेल. मग कोरून दाखव. इथंच, उजेडात. एक लांडगी कोर."

स्टेनिसने दोन्ही हात अंगरख्याला पुसले. मग शांतपणे म्हणाला, "माझी बायको लागेल. ठसा धरायला. म्हातारपणी हात थरथरतात."

त्रेबियाला भिंतीपासून ओढून आणलं. अंगणाच्या मधोमध एक ओंडका ठेवला गेला, त्यावर वाळूने भरलेली चामड्याची उशी, उशीवर काशाचा गुळगुळीत कोरा ठसा. नवरा-बायको समोरासमोर बसले. गुडघ्याला गुडघा लागला तेव्हा स्टेनिस ओठ न हलवता आपल्या डोंगरी बोलीत पुटपुटला, "मी नुसती कोरणी रेटतो. फिरव तू."

कोरणाऱ्याचा हात फार फिरत नाही, हे बघणाऱ्याला सहसा कळत नाही. कोरणी एका जागी टेकवून रेटायची असते. वळण येतं ते खालचा ठसा फिरवला की. ते काम त्रेबियाच्या दोन्ही हातांत होतं. तिने ठसा जरासा फिरवला आणि स्टेनिसने कोरणी रेटली. चकचकीत किसाचं एक वेटोळं वर आलं. लांडगीची पाठ उमटली. ती फिरवायची, तो रेटायचा. कुठे थांबायचं ते ती गुडघ्याने सांगायची. मान झाली, कान झाला. पुढचा पाय. एवढी वर्षं एका घरात काढलेली ती दोघं, पण इतकं एकजीव काम त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि तशाही अवस्थेत त्रेबियाला मनातून ते जाणवलं.

फुन्दानियस मागे हात बांधून फेऱ्या घालत होता. मग फेऱ्या थांबल्या. त्रेबियाने नजर वर केली नाही, पण ओंडक्यावर त्याची सावली पडली. मग सावलीचा एक हात कमरेकडे गेला.

त्याने कट्यार उपसली. आवाज न करता. आणि तिचं टोक हळूहळू स्टेनिसच्या डाव्या डोळ्यासमोर आणलं, पापणीला लागेल न लागेल इतकं जवळ.

स्टेनिसने पापणी मिटली नाही. तो कोरणी रेटत होता.

त्रेबियाचे हात ठशावर गोठले. तिला फिरवत राहायला हवं होतं. काही झालंच नाही असं दाखवायला हवं होतं. पण ते टोक त्या सायीवर धरलेलं दिसत असताना तिच्या हाताला काही सांगणं तिला जमेना.

"काय झालं?" स्टेनिसने विचारलं. "का थांबलीस?"

 फुन्दानियसने कट्यार म्यानात घातली. या खेपेला म्यानाचा आवाज झाला, आणि तो ऐकून स्टेनिसचा चेहरा उतरला.

"आत चला," फुन्दानियस म्हणाला. "दोघंही."

टांकसाळीच्या आतल्या खोलीत भट्टी अजून कोमट होती. फुन्दानियसने दार लोटलं आणि त्रेबियाला म्हणाला, "हात दाखव."

तिने शालीतून हात बाहेर काढले. त्याने तिची नखं पाहिली.

"तिला काही ठाऊक नाही, धनी," स्टेनिस म्हणाला. "ती फक्त—"

"गप्प बस, म्हाताऱ्या," त्रेबिया म्हणाली. मग फुन्दानियसकडे वळली. "मी कोरला. बैल, लांडगी, सगळं. हात न्यायचे तर हे न्या. बाहेरच्या माणसांना सोडा."

"लांडगीचं तोंड असं का कोरलंस?"

"मुलगा गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात ठसा कोरायला घेतला होता."

"कुठे गेला?"

"खाली नदीकाठी. तुमच्याच फौजेने मारला. नाव मारास."

फुन्दानियस भट्टीच्या कठड्यावर बसला, हातातलं नाणं पुन्हा वरखाली केलं. "माझा कोरणारा तापाने मेला," तो शेवटी म्हणाला. "फौजेला नाणी हवीत आणि मी कापूआहून आणलेल्या दोघांना साधं घुबड कोरता येत नाही, कोंबडी होते. सेनापतींना तुझे हात हवेत. मला ते हात मनगटाला लागलेले हवेत. मधला मार्ग निघतो का बघू. पण आधी मला कळू दे, तू माझ्या उपयोगाची आहेस की नाही. बाहेरचा तो ठसा पुरा कर. लांडगी वर. खाली बैल."

"बैल नाही कोरणार."

"त्रेबिया," स्टेनिस म्हणाला.

"मेलेली पोरं ते नाणं कमरेला बांधून गेली. त्यांच्यापैकी कुणाच्या आईला मी तोंड दाखवू?"

"बाहेर गुडघ्यांवर बसलेल्यांनाही आया आहेत," स्टेनिस म्हणाला. "मी रोममध्ये आयुष्यभर त्यांच्या देवतेचं डोकं कोरलं. शिरस्त्राण, पंख, सगळं. झालो का मी रोमन? काशातल्या बैलाला रक्त नसतं गं. कोर."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि ते बरंच झालं. मग तिने चौकटीजवळची तिवई उजेडात ओढली.

आता ती एकटीच कोरत होती. लांडगी झपाट्याने पुरी झाली, शेपटीच्या गोंड्यापर्यंत. फुन्दानियसने ठसा बाहेरून मागवून घेतला होता आणि तो तिच्या खांद्यावरून बघत होता. त्याने जे सांगितलं ते तिने कोरलं. पायाखाली बैल, चारी पाय दुमडलेले. तिने ठसा मेणावर दाबून त्याच्या हातात दिला.

त्याने मेण उजेडाकडे धरलं. "हा हरलेला नाही. हा जेवून बसलाय. रवंथ करतोय."

"दुमडलेले पाय म्हणालात, धनी."

"माझ्याशी चलाखी नको. मान वर आहे त्याची." त्याने दुसरा कोरा ठसा तिच्यासमोर ठेवला. "मान खाली. मुस्कट जमिनीला टेकलेलं. डोळा मिटलेला. बाहेर ऊन उतरायला लागलंय."

त्रेबियाला वाटलं होतं, तेवढी एक मान तरी आपल्याला वर ठेवता येईल. तिने दाराच्या फटीतून पाहिलं. पाक्वियस गुडघ्यांवरून कलंडला होता आणि शिपाई त्याला भाल्याच्या दांड्याने सरळ करत होता. तिने दुसरा ठसा घेतला. मान खाली कोरली. मुस्कट टेकवलं. डोळ्याच्या जागी एक बारीक आडवी रेघ ओढली. कोरताना ती रडली नाही. तिचा हात नेहमीसारखाच स्थिर होता, आणि पुढे कितीतरी दिवस तिला त्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येत राहिला.

फुन्दानियसने मेणावरचा छाप पाहिला आणि मान डोलावली. "ठीक. तू माझ्या कामाची. म्हातारा तुझ्याबरोबर येऊ दे. आता मला दोन हात द्या."

दोघांना आधी कळलंच नाही.

"सेनापतींचा माणूस बाहेर येऊन उभा असेल. त्याला हात हवेत. कोरणाऱ्याचं नाव सेनापतींना माहीत नाही. तुमच्यापैकी आज कुणी मेलंय?"

त्रेबियाला त्याचा अर्थ उमगला. "नको," ती म्हणाली.

"नुमेरियस," स्टेनिस म्हणाला. "टांकसाळीचा मुख्य. वेशीपाशी पडलाय."

"अरे, त्याने आपल्याला हिवाळाभर धान्य दिलं—"

"मला ठाऊक आहे त्याने काय दिलं." स्टेनिसचा आवाज फाटला. "मेलेल्याला हात लागत नाहीत. तुला लागतात."

फुन्दानियस उठून बाहेर गेला. ती दोघंही त्याच्या मागून गेली. अंगणात पहारा फुन्दानियसच्या शिपायांचा होता, आणि सेनापतींचा माणूस खरोखरच नुकताच येऊन उभा राहिला होता, शंभर शिपायांचा नाईक, गालावर जुना व्रण. फुन्दानियस त्याला म्हणाला, "कोरणारा सापडला. टांकसाळीचा मुख्यच होता. सकाळी वेशीत मेला."

नाईकाने ओठ वाकडा केला. "मेलेला सापडणं फार सोयीचं असतं, खजिनदार." त्याने रांगेवरून नजर फिरवली आणि पाक्वियसच्या छातीला काठी लावली. "तू काय करतोस?"

"घण मारतो."

"म्हणजे ठसा तुझ्या हाताखाली असतो. कोण आणून द्यायचा तुला तो? कोण कोरायचा? खोटं बोललास तर तुझ्यापासून सुरुवात."

पाक्वियसने मान वर केली. त्याची नजर नाईकावरून सरकली आणि त्रेबियावर थांबली. तिच्या शालीवर, तिच्या हातांवर. त्याला सगळं ठाऊक होतं. ते तिला त्या एका नजरेत कळलं. कितीदा तरी तो ठसा न्यायला दाराशी आला होता आणि तिने फटीतून हात बाहेर काढून तो दिला होता. आंधळा म्हातारा आत खाटेवर खोकत असायचा. घण मारणारा असला तरी तो काही दगड नव्हता. आणि मघा तिला आत नेलेलं, बाहेरचा ठसा आत मागवलेला, आतून कोरणीचा आवाज येत राहिलेला, तेही त्याने पाहिलं-ऐकलं होतं. तिथे काय कोरलं जात होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो तिच्याकडे पाहत राहिला. तिने नजर खाली घेतली नाही. घेता आली नाही.

"मुख्यच कोरायचा," पाक्वियस म्हणाला. "नुमेरियस. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

नाईकाने काठी खाली घेतली. दोन शिपाई वेशीकडे गेले.

दिवस मावळताना माणसं सुटली.  जो तो आपल्या बाईचा हात धरून भिंतीच्या कडेकडेने निघून गेला. पाक्वियस त्रेबियाच्या अंगावरून गेला तेव्हा ती म्हणाली, "पाक्वियस, मी तुझे—"

"तुझ्यासाठी नाही केलं," तो न थांबता म्हणाला. "माझी पोरं लहान आहेत."

सकाळी फौज हलणार होती. गाड्या जुंपायला अवकाश होता. त्रेबियाने पहाऱ्यावरच्या शिपायाला दोन गल्ल्या सोडून एका घरी जाऊन येते म्हणून विनवलं. तो झोपेत होता, जा म्हणाला.

नुमेरियसचं घर तिला परकं नव्हतं. दार उघडं होतं. त्याची बायको देकिया प्रेताशेजारी जमिनीवर बसली होती. प्रेताला आंघोळ घातलेली होती, केस विंचरलेले होते. हातांच्या जागी देकियाने लोकरीच्या दोन घड्या ठेवल्या होत्या आणि वरून नवी चादर ओढली होती.

त्रेबिया उंबऱ्यातच उभी राहिली. रात्रभर तिने शब्द जुळवले होते. आता तोंडात एकच वाक्य उरलं होतं.

"तो बैल मी कोरला होता, देकिया. ते हात माझे जायला हवे होते."

देकियाने वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "ते मला ठाऊक आहे. घरात माझ्यापासून काही लपवायचा नाही तो."

"त्याचं नाव आमच्या तोंडून निघालं."

"तेही कळलं. पाक्वियसच्या बायकोने सांगितलं." तिने चादरीची चुणी सरळ केली. "मग आता कशाला आलीस? ओझं उतरवायला?"

त्रेबियाने चौकटीला हात टेकला.

"उतरवू नकोस," देकिया म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "जिवंत आहेस ना, मग ने बरोबर. मी माझं माझं उचलते. जा आता. मला त्याला टेकडीवर न्यायला माणसं बघायची आहेत."

त्रेबिया वळली. दोन पावलं गेली, आणि परत आली. "माणसं कुठून आणणार आहेस? सगळे दारं लावून बसलेत."



त्रेबिया आत गेली, तिने शाल कमरेला बांधली आणि प्रेताखालच्या फळीची पायाकडची बाजू धरली. देकिया थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग उठली आणि तिने डोक्याकडची बाजू धरली. गल्लीतून चढावर जाताना शेवटच्या घरातून एक म्हातारा बाहेर आला आणि मधे खांदा देऊ लागला. टेकडीवर माती भुसभुशीत होती. तिघांनी मिळून खड्डा खणला. काम झाल्यावर देकियाने हात झटकले आणि तिच्याकडे न बघता उतरणीला लागली.

त्रेबिया परतली तेव्हा गाड्या निघाल्या होत्या आणि पहाऱ्यावरच्या शिपायाने तिच्या पाठीत दांडा घातला. स्टेनिस शेवटच्या गाडीची कड धरून चालत होता. तिने त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"भेटलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"काय म्हणाली?"

"ओझं उतरवू नकोस म्हणाली."

 रस्ता खाली नदीकडे वळला. "बरोबर बोलली," तो म्हणाला. "नाव मी घेतलं. अर्धं मला दे."

युद्ध पुढच्या वर्षी संपलं. ज्या रोमच्या नागरिकत्वासाठी डोंगरातल्या पोरांनी जीव दिला होता, ते रोमने शेवटी कायद्याने सगळ्यांना देऊन टाकलं. मग रोमनच रोमनांशी लढू लागले आणि त्या गर्दीत फुन्दानियस कुठेतरी मारला गेला. मरण्याआधी त्याने त्रेबियाला आणि तिच्या नवऱ्याला मोकळं केलं होतं. कापूआत ती अंगठीचे खडे कोरून राहिली. स्टेनिस तिथेच वारला. गिऱ्हाईक सांगेल ते ती कोरायची, मासा, नांगर, कुणाच्या आज्याचं तोंड. लांडगी सांगितली तर तीही कोरायची. बैल मात्र ती कोरत नसे. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायची, "मला जमत नाही, शेजारच्या गल्लीत विचारा." आणि पुढचं गिऱ्हाईक आत बोलवायची.